छप्पर कोणी शाकारायचे?

पुण्याच्या मंडईची गोष्ट वारसा जपणाऱ्यांनी ऐकावी आणि पाडणाऱ्यांनीही. पूर्वी शहराचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरत असे. नगरपालिकेने शुक्रवार पेठेत मोठी दगडी मंडई बांधायचे ठरवले, तेव्हा पालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी विरोध केला. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा शिक्षणावर घाला, असे त्यांचे म्हणणे होते. कोणी ऐकले नाही. १८८६ मध्ये मंडई उभी राहिली आणि तिला गव्हर्नर रे यांचे नाव मिळाले. पुढे आचार्य अत्रे पालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने ते नाव जाऊन ‘महात्मा फुले मंडई’ झाले. ज्याने ‘बांधू नका’ म्हटले त्याच्याच नावाची ती इमारत आज पुण्याचा वारसा म्हणून दाखवली जाते, आणि तिच्याखाली अजून बटाटे-कांदे विकले जातात. जुन्या इमारतीचे याहून चांगले नशीब मला ठाऊक नाही.

गावाचा पैसा कशावर खर्च व्हावा आणि ते ठरवताना गावाला कोण विचारणार, हा वाद ‘हेरिटेज’ हा शब्द आपल्या तोंडी येण्यापूर्वीचा आहे. गेल्या तीस वर्षांत त्याला याद्या, श्रेण्या, समित्या आणि टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) चिकटले. मूळ वाद जागचा हललेला नाही.

नगररचनेच्या कायद्याची आपल्याला सवय आहे. मुंबई इलाख्याचा १९१५ चा कायदा देशातला पहिला. आज चालतो तो १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा. विकास आराखड्यात काय असावे हे सांगणाऱ्या त्याच्या कलम २२ मध्ये ऐतिहासिक वास्तू, वारसा इमारती आणि वारसा परिसर यांच्या जतनाचा स्पष्ट उल्लेख आहे. लोकांना बोलावण्याची जागाही आहे, पण ती कुठे आहे ते पाहा. आधी पालिका आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते. मग विद्यमान जमीन वापराचे सर्वेक्षण होते, नकाशा तयार होतो. त्यावर रस्ते आखले जातात, आरक्षणे टाकली जातात, झोन रंगवले जातात. हे सारे झाल्यावर प्रारूप आराखडा भिंतीवर लागतो आणि महिना-दोन महिन्यांच्या मुदतीत ‘हरकती व सूचना’ मागवल्या जातात. सुनावणी घेते ती नियोजन समिती: स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. अंतिम मंजुरी राज्य सरकारची.

म्हणजे नागरिक या कथेत शेवटच्या अंकात रंगमंचावर येतो, आणि येतो तोही ‘हरकतदार’ म्हणून. हे नावच त्याची भूमिका ठरवून टाकते. आपल्या घरावरून साठ फुटी रस्ता गेला का, आपल्या प्लॉटवर शाळेचे आरक्षण पडले का, एवढेच तो बघतो, आणि त्यात त्याची चूकही नाही. पण गल्लीतला पार, हौदाची कमान, तालमीसमोरची मोकळी जागा यांच्या वतीने हरकत घ्यायला कोणीच मोकळे नसते.

पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ८७ हजारांच्या आसपास हरकती-सूचना आल्या. हिशेब करून पाहा. प्रत्येकाला पाच मिनिटे द्यायची म्हटली, तरी रोज आठ तास बसून सुनावणीला नऊशे दिवस लागले असते. या आराखड्यात मेट्रोच्या दुतर्फा चारपर्यंत चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या चौपट बांधकाम, देण्याची कल्पना होती, आणि मेट्रो तर पेठांतूनच जाणार होती. दोन मजली वाड्यांच्या वस्तीत चारचा निर्देशांक म्हणजे काय, हे समजायला वास्तुविशारद असावे लागत नाही. आराखडा पुढे राज्य सरकारने ताब्यात घेतला आणि २०१७ मध्ये मंजूर केला.

मुंबईची तऱ्हा वेगळी झाली. २०१४ ते २०३४ या काळासाठीचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला आणि दोन महिन्यांत ६५ हजारांच्या वर हरकती-सूचना जमल्या. वारसा वास्तूंच्या नोंदी चुकलेल्या किंवा गायब, कोळीवाडे आणि गावठाणे धड दाखवलेली नाहीत, असे एकेक बाहेर येत गेले. एप्रिलमध्ये सरकारने तो आराखडा बाजूला ठेवून दुरुस्त करायला सांगितले. त्याच्या काही वर्षे आधी विद्यमान जमीन वापराचे नकाशे लोकांपुढे आले होते, तेव्हाच शहरातल्या काही संस्थांनी आणि वस्तीपातळीवरच्या गटांनी ते घरोघर फिरून तपासले होते आणि चुका दाखवल्या होत्या. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते ती ही नकाशा-तपासणी. मोर्च्यासारखा तिचा फोटो छापून येत नाही, पण आराखड्याच्या पायात हात घालण्याची संधी तेवढीच असते.

आता वारशाच्या यादीकडे. मुंबईसाठी १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली, कोण्या भारतीय शहरासाठीची ही पहिली. तिच्यामागे सरकारी दूरदृष्टीपेक्षा नागरिकांची चिकाटी अधिक होती. श्याम चैनानी आणि त्यांचा बॉम्बे एन्व्हायरन्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुप यांनी मंत्रालयाचे उंबरे किती वर्षे झिजवले, हे तेव्हाच्या अधिकाऱ्यांना विचारावे. सहाशेच्या वर नोंदींची यादी झाली. पहिली श्रेणी राष्ट्रीय महत्त्वाची, तिला शक्यतो हात लावायचा नाही. दुसरी प्रादेशिक महत्त्वाची, तिचे अ आणि ब असे दोन भाग. तिसरी गल्लीचा चेहरा ठरवणारी. बदल करायचा तर वारसा संवर्धन समितीचा सल्ला घ्यायचा. यादीत आल्यामुळे मालकाला वाढीव बांधकाम करता आले नाही, तर ते चटई क्षेत्र टीडीआर म्हणून दुसरीकडे वापरण्याची किंवा विकण्याची मुभा.

कागदावर हे सुबक आहे. पण चारच वर्षांत, १९९९ मध्ये, सरकारने खिडकी उघडली. दक्षिण मुंबईतल्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) जुन्या इमारती तिसऱ्या श्रेणीत किंवा वारसा परिसरात असल्या, तर पुनर्विकासासाठी समितीच्या परवानगीची गरज उरली नाही. गल्लीचा चेहरा नेमका याच इमारतींनी बनलेला होता. बुरूज राखले आणि तट सोडून दिला, असा हा प्रकार.

यादी कशी करू नये, याचा धडा २०१२ साली मिळाला. ३१ जुलैला नऊशेच्या वर नव्या नोंदींची यादी जाहीर झाली. तिच्यात शिवाजी पार्कचा परिसर होता, दादरच्या कॉलन्या होत्या. बहुतेक रहिवाशांना आपले घर ‘वारसा’ झाल्याचे वर्तमानपत्रातून कळले. ज्या सोसायट्यांचे पुनर्विकासाचे बोलणे पुरे होत आले होते, त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. सभा झाल्या, फलक लागले. पार्काच्या कट्ट्यावर पन्नास वर्षे बसलेली, तिथल्या बैठ्या इमारतींवर मनापासून प्रेम असलेली माणसे वारशाच्या विरोधात उभी राहिली. त्यांना बेकदर म्हणणे सोपे होते आणि काहींनी तसे म्हटलेही. मला तो अन्याय वाटतो. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या ऐंशी वर्षांच्या बाईला तुम्ही सांगता की तुमची बाल्कनी आर्ट डेको आहे. ती विचारते, गळती कोण थांबवणार? या प्रश्नाचे उत्तर यादीत नव्हते.

खरे तर सगळा प्रश्न इथेच येऊन थांबतो. पूर्वी पावसाळ्याआधी कौले शाकारण्याचे काम वाड्याच्या मालकाचे असे. भाडे येई, त्यातून खर्च निघे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाडी गोठवली गेली. १९४७ च्या भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे हेच ‘प्रमाण भाडे’ मानले. तेव्हा ते योग्यच होते, कारण घरमालकांची मुजोरी काही कमी नव्हती. पण तीच भाडी पुढे दोन पिढ्या चालली. १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ मान्य केली. वीस रुपयांवर चार टक्के म्हणजे ऐंशी पैसे. मालकाने दुरुस्ती सोडली, भाडेकरूने ती करायची तर मालकाची ना हरकत नाही, आणि पालिका दरवर्षी मे महिन्यात ‘धोकादायक’ म्हणून नोटीस चिकटवून मोकळी. मुंबईत निदान १९६९ पासून उपकर आणि दुरुस्ती मंडळ आहे. पुण्यात, नाशकात, साताऱ्यात तेही नाही. पेठेतला वाडा पडतो तो क्वचितच कोणी ठरवून पाडलेला असतो. तो तिघांनी मिळून पडू दिलेला असतो.

मुंबईच्या काळाघोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन घ्या. १८६०च्या दशकात बांधलेले हे वॉटसन हॉटेल, ओतीव लोखंडाच्या सांगाड्याचे. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे भारतात प्रथम इथे दाखवली गेली. दुसऱ्या श्रेणीची वारसा वास्तू. पुढे तिच्यात वकिलांच्या कचेऱ्या, दुकाने, बिऱ्हाडे भरली. २००५ मध्ये काही भाग कोसळला, २०१९ मध्ये इमारत रिकामी करावी लागली आणि मग पाडायची की वाचवायची यावर न्यायालयात तज्ज्ञांचे अहवाल एकमेकांविरुद्ध उभे राहिले. यादीतले नाव, ऐतिहासिक तारीख, जगभरची कीर्ती, सारे होते. दुरुस्तीचे पैसे कोणाचे, एवढे मात्र कुणी ठरवले नव्हते.

पुण्यात शनिवारवाड्याच्या शेजाऱ्यांचे दुखणे याहून चमत्कारिक आहे. वाडा केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक. २०१० च्या दुरुस्त कायद्याप्रमाणे अशा स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद, त्यापुढे दोनशे मीटर परवानगीचे. मोकळ्या माळावरच्या लेण्याला हे ठीक. कसबा आणि शनिवार पेठेत शंभर मीटर म्हणजे शेकडो घरे. त्यांना दुरुस्तीची परवानगी मिळू शकते, पण पडलेला वाडा पुन्हा उभारता येत नाही. परिणाम असा की पेशव्यांच्या वाड्याचा शेजार जपण्यासाठी केलेल्या नियमाने शेजारचे वाडे ढिगारे होत चालले आहेत. दिल्लीत बसून फूटपट्टीने वर्तुळ काढले की असे होते. प्रत्येक स्मारकाभोवतीचे नियम तिथली वस्ती पाहून, तिथल्या माणसांशी बोलून ठरवण्याची कायद्यात तरतूद आहे, उपविधी म्हणतात त्याला. ते काम गोगलगायीच्या चालीने सरकते.

किल्ल्यांचे बरे, तिथे भाडेकरू नसतात, असे मी एकदा थट्टेने म्हटले होते. पन्हाळ्याने तेही खोटे पाडले. ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ले जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. सगळीकडे पेढे वाटले गेले. त्याआधी नामांकनाची चर्चा चालू असताना पन्हाळ्यावरच्या रहिवाशांनी मात्र उघड विरोध नोंदवला होता. पन्हाळा हा नुसता किल्ला नाही, ती नगरपरिषद आहे. तटाच्या आत घरे, शाळा, खाणावळी आहेत. घर वाढवता येईल का, धंदा राहील का, आम्हाला खाली उतरवणार का, हे त्यांचे प्रश्न होते. पंढरपूरला मंदिराभोवतीच्या कॉरिडॉरची घोषणा झाली, तेव्हा तिथल्या रहिवाशांनी आणि व्यापाऱ्यांनी हेच विचारले. पन्हाळ्यात जपण्यासाठी, पंढरपुरात पाडण्यासाठी. बाजू उलट, पण तक्रार एकच की नकाशा आमच्याआधी दुसऱ्यांनी पाहिला.

जमले कुठे, तेही सांगायला हवे. मुंबईच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर एके काळी कमानी दिसत नसत, नुसत्या पाट्या दिसत. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी दुकानदारांना एकेक करून गाठले. पाटी कमानीच्या आत बसवा, अक्षरे अशी ठेवा, एवढेच मागणे. दुकाने हलवली नाहीत, मालकी बदलली नाही, आणि रस्त्याचा चेहरा मोकळा झाला. काळाघोडा असोसिएशन १९९८ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या कला महोत्सवाच्या पैशांतून परिसरातल्या इमारतींची कामे झाली. ओव्हल मैदान रहिवाशांनीच उकिरड्यातून बाहेर काढले. पुढे त्याच भागातल्या नागरिक संघटनांनी धरलेल्या नेटामुळे २०१८ मध्ये ओव्हलभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको अशा ९४ इमारतींना जागतिक वारशाचा मान मिळाला.

मात्र हे सारे शहराच्या सर्वांत सधन टोकाला घडले, हे विसरून चालणार नाही. तिथल्या रहिवाशांकडे वेळ होता, वकील होते, मंत्रालय चालत जाण्याच्या अंतरावर होते. गिरगावातली खोताची वाडी तिथून फार लांब नाही. एका पाठारे प्रभू खोताने ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना विकलेल्या जागेवर वसलेली ही लाकडी जिन्यांची, पडव्यांची वाडी. एके काळी साठाच्या वर घरे होती, आज निम्मीही नाहीत. तिथल्या रहिवाशांनीही महोत्सव भरवले, लोकांना गल्ली दाखवली, न्यायालयात गेले. पण कडेला बुरुजासारख्या इमारती उठल्याच. लोकसहभाग असला की वारसा वाचतो, असे सोपे समीकरण मांडणाऱ्यांनी खोताच्या वाडीतून एक फेरी मारावी.

आणि काही ठिकाणी सहभाग हा शब्दच कोणी वापरत नाही. वाईचे घाट पाहा. कृष्णेवर सात घाट, बहुतेक त्या त्या आळीच्या नावाचे: गणपती आळी, मधली आळी, रामडोह आळी. थंडी सरताना कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो आणि प्रत्येक आळी आपापल्या घाटावर तो पाळीने करते. उत्सव यायचा म्हणून घाट झाडला जातो, मंडपाच्या निमित्ताने निखळलेला दगड कोणाच्या तरी नजरेला येतो. इथे देखभालीचा ठेका परंपरेने दिलेला आहे, निविदा न काढता. मी हे हळवेपणाने सांगत नाही. नदीच्या पाण्याचे काय झाले, हे उत्सवाने सुटत नाही. पण घाट कोणाचा, या प्रश्नाला वाईत उत्तर आहे. ते पुष्कळ शहरांत नसते. २०२४ मध्ये मुंबईच्या बाणगंगेवर गाळ काढताना यंत्र तळ्यात उतरवले गेले आणि पायऱ्या फुटल्या, तेव्हा आरडाओरडा केला तो रोज तिथे बसणाऱ्या माणसांनीच. पहिल्या श्रेणीचा शिक्का तिथे पहारा देत नव्हता.

या विषयातला सर्वांत मोठा प्रयोग गोव्याने केला आणि सर्वांत मोठी निराशाही तिथलीच. २०११ सालापर्यंतच्या प्रादेशिक आराखड्यात हिरव्या टेकड्या आणि शेते वसाहतींसाठी उघडली गेल्याचे उघड झाल्यावर ‘गोवा बचाव अभियान’ रस्त्यावर आले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. त्यानंतर चार्ल्स कोरिया यांचा सहभाग असलेल्या कृती दलाने २०२१ साठीचा आराखडा हाती घेतला आणि तो प्रत्येक पंचायतीकडे नेला. गावकऱ्यांनी आपापल्या गावाचे नकाशे मांडीवर घेतले. तळी, देवराया, खाजने (खाडीकाठची बांध घातलेली शेते), कोमुनिदादीच्या (गावसंस्थेच्या) जमिनी, जुनी घरे कुठे आहेत ते स्वतः भरले, ग्रामसभांत रात्र रात्र वाद घातले. इतक्या खालून आलेला आराखडा देशात दुसरा झाला असेल असे मला वाटत नाही. २०१२ मध्ये सरकार बदलले आणि तो स्थगित झाला. पुढे नगरनियोजन कायद्यातच एकेका भूखंडाचा झोन बदलून देण्याच्या वाटा निघाल्या. गावाने वर्षभर बसून रंगवलेला नकाशा एका अर्जाने बदलू लागला, की पुढच्या वेळी गाव ग्रामसभेला कशाला येईल? पणजीच्या फोंताइन्हासची रंगीत घरे पर्यटकांच्या फोटोंत सुखरूप आहेत. आतल्या गावांतली मोठाली घरे वारसांच्या वाटण्यांत कुलूपबंद पडून आहेत.

शहरांसाठी असे काही आपल्याकडे झालेच नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरनियोजन पालिकांच्या कामांत घातले. महाराष्ट्राने २००९ मध्ये क्षेत्रसभांचा कायदाही केला, म्हणजे मतदान केंद्राच्या टापूतल्या नागरिकांनी जमून वस्तीचे प्रश्न ठरवायचे. तुमच्या क्षेत्रसभेची शेवटची बैठक कधी झाली? प्रश्न वाचून हसू आले असेल, तर उत्तर मिळाले.

माझे मत मी लपवत नाही. नव्या याद्या करण्याआधी दोन गोष्टी व्हाव्यात. यादीतल्या घराच्या दुरुस्तीचा खर्च मालक, भाडेकरू आणि पालिका यांच्यात कसा वाटायचा, हे नियमात लिहावे आणि टीडीआरच्या पैशाचा ठरावीक भाग त्याच घराच्या छपरावर, त्याच वास्तूवर लागला का हे तपासावे. आज टीडीआर विकला जातो आणि छप्पर गळतच राहते, असे होऊ शकते. दुसरे, घर यादीत घालण्याआधी त्या घरात जाऊन बसावे. चहा मिळेल, बोलणी बसतील, क्वचित दार आपटले जाईल. तरी वर्तमानपत्रातल्या जाहिरातीपेक्षा ते बरे.

तोवर वाचकांना एक काम. तुमच्या गावाचा किंवा शहराचा आराखडा दर वीस वर्षांनी नव्याने व्हायचा असतो. पालिकेच्या नगररचना विभागात जा आणि पुढचा कधी आहे ते विचारा. प्रारूप लागेपर्यंत थांबू नका. विद्यमान जमीन वापराचा नकाशा बघायला मागा आणि आपली गल्ली शोधा. आळीतला आड, पार, जुना वाडा, तालीम त्यात दाखवली आहे का, आणि दाखवली असेल तर कोणत्या रंगात, ते पाहा. मोकळी जागा म्हणून रंगवलेली असेल, तर त्याच दिवशी, त्याच खिडकीवर लेखी द्या आणि पोच घ्या.